कडेला कड

रापी घसरली आप्पांच्या हातातून,
कातड्यावर आखलेली रेघ सोडून
डाव्या अंगठ्यात शिरली.
"काय न्हाई झालं," म्हणाले, आणि बोट तोंडात.

सुभाषनगरात दुपारचे तीन.
मी पायरीवर, मांडीवर परीक्षेची वही,
आणि वहीतलंच समोर सुरू झालेलं:
फाटलेल्या पेशींनी आतलं सगळं बाहेर सांडलं.
शब्द नाही, नुसतं सांडणं.
शेजारणीला एवढं पुरतं.

मग रक्तातल्या चिमुकल्या चकत्या येऊन चिकटल्या,
त्यांनी पुढचा सांगावा सोडला.
त्यावर कुणाचं नाव नसतं.
हजार दारांवरून वाहत जातो,
आणि नऊ नंबरचा पाय नऊ नंबरातच बसावा
तसा आपल्या साच्यातच बसतो.
बाकीच्यांना पत्ता नाही.

आप्पांना वाचून दाखवलं.
त्यांनी हातातलं कातडं उलटं केलं.
"मग ह्यात कोण कुणाला सांगतंय?"

कोणीच नाही, आप्पा.
बाभळीच्या सालीत मुरता मुरता
बोलणारे धुऊन गेले,
राहिला तो त्यांनी विणलेला धागा.
त्यांनी कातड्यावरून अंगठा फिरवला.
थोडं लाल उमटलं.

भिंतीपलीकडची हातोडी थांबली होती.
म्हैपतीकाका अकरा वर्षं आप्पांशी बोललेले नाहीत,
गिऱ्हाइकावरून, की पत्र्याच्या पन्हळीवरून,
आता दोघांनाही धड सांगता येत नाही.
पण आमच्याकडचा ठोका चुकलेला
त्यांना ऐकू गेला असणार.
थोड्या वेळानं त्यांच्याकडचा इर्शाद आला,
हळदीची पुडी ठेवली.
"कुणी दिली?"
"दिली," म्हणाला, आणि गेला.

त्या आठवड्यात दोन्ही कडांच्या पेशी
सरपटत निघाल्या एकमेकींकडे.
शेजारणीचा स्पर्श झाला की त्या थांबतात,
"पुरे" असं वेगळं कुणी सांगत नाही.
ज्या थांबत नाहीत त्यांचं पुढच्या धड्यात आहे.
थोरल्या आत्याच्या गळ्यात होतं ते.
तो धडा मी अजून उघडलेला नाही.

पेपरात आलंच: पेशींमधील संदेशवहन, दहा गुण.
मी वर्तुळं काढली, बाण काढले.

पुडीचा कागद आप्पांनी टाकला नाही.
सपाट करून मापांच्या डब्यात ठेवला.
कुणाच्या तरी पायाची पेन्सिलनं काढलेली कड आहे त्यावर,
आणि बाजूला नंबर,
आप्पांच्याच अक्षरात,
दुकान एक होतं तेव्हाचा.