शहाण्णव

तार्तूत खिडकीशी बर्फ.
हेल्वे ओतते पन्नास मिलिलिटर पाणी,
वर पन्नास स्पिरिट.
नळकांडं सांगतं : शहाण्णव.

राइगो नवा. टेबल पुसायला
फडकं शोधतो.
"सांडलं नाही रे, सरकून बसलेत.
हात लाव."
काच कोमट.

मग कोरडं मॅग्नेशियमचं मीठ, चिमूटभर.
पाणीच अंग चोरतं,
रेघ केसभर खाली.
"किती जागा लागते, ते मिठाला विचारू नकोस.
कशात विरघळलंय ते बघ.
मेथॅनॉलमध्ये आकडा वेगळा."

वहीत नोंद, खाली तारीख.
शुक्रवारी ती निवृत्त.
नार्वाला लेकीकडे दोन खोल्या, माणसं चार,
शिवाय जावयाचा कुत्रा.

"मावाल तुम्ही?" राइगो विचारतो.
ती नळकांडं विसळते,
उपडं घालते.
"कुत्र्यावर आहे," म्हणते.