डेंगा

आचऱ्याच्या खाडीत, गुडघाभर चिखलात
सरोजिनी मेथर कुर्ली उलटी धरते.
उजवा डेंगा थोराड, शेवाळलेला.
डावा नवा, करंगळीएवढा,
पेजेवरच्या निवळीसारखा फिकट.

"ह्यो मोडललो. परत येता.
दोनदा कात टाकल्यार बरोबरीचो होतलो.
पण माका सांगा,
तेका कोण म्हणता, आता पुरे?"

माझ्या वहीत वाढीचं एक समीकरण आहे.
ते डेंगा वाढवतं, नीट वाढवतं,
मग वाढवतच राहतं
कागदाच्या कडेपर्यंत, कडेबाहेर.
थांबायची जागा
मलाच पेन्सिलीने आखावी लागते.

कुर्लीकडे पेन्सिल नाही.
पेशीला दिसते फक्त शेजारीण,
अख्खा डेंगा कुणीच पाहिलेला नाही.
मग माप ठेवलंय कुठे?
उजव्यात? कवचाच्या आतल्या अंगाला?
की मोडल्या जागच्या रिकामेपणात?

"अजून कळलेलं नाही," मी म्हणतो.

"मगे तुमी इतकी वर्सां काय केल्यात?"

ती हसते, कुर्ली दुसऱ्या हातात घेते.
तेव्हा दिसतं,
तिच्या तर्जनीला दोन पेरं नाहीत.
कोयतीने गेली, सोळाव्या वर्षी.
कातडीने तिथे गोल मिटून घेतलंय.
इथे "पुरे" कुणीतरी म्हणालं,
फारच लवकर.

भरती लागते.
"एका डेंग्याक गिऱ्हाईक नाय," म्हणत
ती कुर्ली सोडून देते.
गढूळ पाणी, चार बुडबुडे.
मी तारीख लिहितो. भरतीची वेळ लिहितो.
पुढची ओळ कोरी.