रुमालाखाली

पेटीत वर नवरी, खाली सासू,
हे आमच्या घरात सहावीतल्या पोरीलाही कळायचं.
वरचा थर देखणा, खालचा डागी.
तासभर भाव पाडून काहीच न घेणारा, तो कोल्हा.
काटा तपासायला येणारा, तो पाहुणा.
आणि उधारी बुडाली की म्हणायचं,
गावाला गेली.

वाशीच्या फळबाजारात एकोणतीस वर्षं
बाबा गफूरशेठच्या गाळ्यावर सौदे करायचे.
कोपरखैरण्याहून अंधारातच निघायचे,
खांद्यावर रुमाल. तो घाम पुसायचा नव्हता.
त्याच्याखाली बाबांचा हात जायचा, समोरच्याचा जायचा,
वर दोघं पोरांच्या परीक्षेबद्दल, कुणाच्या गुडघ्याबद्दल बोलत राहायचे
आणि खाली बोटं भांडायची.

मला एकदाच शिकवलं, वीज गेली होती तेव्हा, चादरीत हात घालून.
दोन बोटं धरली की दोन. मूठ आवळली की पाच.
पेरावर नख टेकलं की वर पाव.
"पण दोन म्हणजे दोनशे की दोन हजार?"
"ते हात सांगत नाही, शालन.
ते पेटीकडे बघून कळतं."
अंधारातून आई म्हणाली,
दलाल करा आता पोरीला, तेवढंच राहिलंय.

मग सेक्टर दहाचं रुग्णालय.
तिथली बोली मला येत नव्हती.
डॉक्टर दाराशी उभं राहून एकमेकांना नुसती अक्षरं सांगायचे,
सिस्टर ती अक्षरं कागदावर उतरवून घ्यायची.
पाच नंबर आज कसा आहे, म्हणायचे.
पाच नंबर म्हणजे दशरथ नाना डुंबरे, राहणार ओतूर, हल्ली मुक्काम कोपरखैरणे.
मोठे डॉक्टर माझ्याशी मात्र साध्या मराठीत बोलले,
रिपोर्ट चांगले आहेत, काळजी करू नका.
ते गेल्यावर बाबांनी मास्क बोटभर उचलला.
"वर नवरी," म्हणाले,
आणि मास्क सोडून दिला.

तिसऱ्या रात्री चादरीखाली माझा हात शोधला.
तीन बोटं धरली. घट्ट.
मग पेरावर नख.
सव्वातीन.
मी विचारलं, काय सव्वातीन? कशाचे?
ते छताच्या पंख्याकडे बघत होते,
सौदा चालू असताना बघायचे तसे, दुसरीकडेच.
बघायला माझ्यासमोर पेटी नव्हती.

तेराव्यानंतर ओतूरहून परतले ती थेट बाजारात गेले.
मुकादम कोंढाळकर म्हणाले, सव्वातीन म्हणजे जुन्नरची गाडी गं,
सव्वातीनला लागायची, तुझा बाप आधीच उभा असायचा.
गफूरशेठनं वही काढली, चष्मा शोधला,
सव्वातीन हजार उचल होती, बरोबर. सोड. ती गावाला गेली...
आणि जीभ चावली,
कारण माझ्या चपलेला अजून गावची माती होती.
पाटीवाला इस्माईल म्हणाला, नातीच्या पैंजणाचं बोलत होते की, सव्वातीन तोळे.
इतकी जड पैंजणं एवढ्याशा पायात?
मला नात नाही. मुलगीही नाही.
कुणाच्या नातीचं, हे त्यालाही आठवेना.

शेवटी चहावाला रामसजीवन.
सव्वातीनशे द्यायचे होते का रे, बाबांचे तुला?
त्यानं किटली खाली ठेवली.
"चारशे चाळीस," म्हणाला.
गाळ्यातला एकजण हसला, मग दुसरा.
मी पर्समधून पैसे काढणार, तेवढ्यात लक्षात आलं,
तो हात पुढे करून उभा आहे,
तळवा खाली, बोटं मिटलेली.

मी ओढणी काढून त्या हातावर टाकली.
वर आम्ही उन्हाबद्दल बोललो,
यंदा देवगडचा माल उशिरा येतोय, त्याबद्दल.
त्याच्या बोटांना आल्याचा वास होता.
कितीला मिटलं
ते बाजारात विचारत नाहीत.