लहान उपघटक

मेसाइदच्या खतकारखान्यात परकारभाई
अमोनियाचा व्हॉल्व्ह सांभाळतात.
वास नाकातून जातच नाही म्हणतात,
सुट्टीत, हर्णैला, सुरमईच्या कालवणातसुद्धा तोच.

मी वक्राच्या प्रयोगशाळेत प्लेट्स मोजते.
ज्या जिवाणूचा कार-ए मी मोडलाय
तो दोन गोष्टी मागतो, आर्जिनिन आणि युरॅसिल.
एकच वाढली तर रुसून बसतो.

धड जिवाणूत हा धाकटा
ग्लुटामिन फोडतो, अमोनिया सुटा करतो
आणि आतल्या आत, चिंचोळ्या बोगद्यातून
थोरल्याकडे धाडतो.
वाटेत काही सांडत नाही.
पुढे त्याचं काय होतं
हे धाकट्याला ठाऊक नसतं:
काही प्रथिनांत, काही जनुकांच्या अक्षरांत.

काल जिन्यात परकारभाई भेटले,
हातात एक्सचेंजची पावती, चार घड्यांची.
बोगद्याचं सांगितलं.
एक पाय वरच्या पायरीवर ठेवून ऐकलं त्यांनी.

‘गळत नाही म्हणतेस?
आमचा गळतो,’ म्हणाले,
‘मधे मेव्हणा आहे.’

हसलो दोघंही. मग त्यांनी पावती
आणखी एकदा दुमडली.

चौदा नंबरची प्लेट अजून कोरी आहे.
मी तिच्यात फक्त युरॅसिल घातलंय.