मधलं घड्याळ

रविवारी तलावाच्या कठड्यावर
चहाचे सहा ग्लास आणि तोच वाद:
मथुरा तांडेल मोठी की अवान मिस्त्री?

गुंडू सामंत म्हणतो, आकडे बघा.
अवानची सुवर्णपदकं एकोणीस,
मथुराची चार, त्यातलं एक घर बदलताना हरवलेलं.
बेहराम म्हणतो, अवान माझी भाची लागते,
तरी सांगतो, मथुरा.

मी चहा फुंकतो.
पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले,
परळच्या चाळींत, जिन्याखाली, बॅटरी तोंडात धरून.
संध्याकाळी इथे चौथ्या लेनवर
गळ्यात घड्याळ अडकवून पाणी जोखायचं.
दोघीही माझ्याच लेनमध्ये पोहल्या.

मथुरा वरळी कोळीवाड्यातून आली तेव्हा
पहिल्या दिवशी ओठ पुसत म्हणाली,
हे पाणी अळणी आहे, अंगाला उचलून धरत नाही.
आणि पन्नास मीटरवर भिंत कशाला बांधलीत?
वळताना ती भिंतीला लाथ मारायची,
रागानं, खरोखरच्या रागानं,
आणि त्या रागावर निम्मी लेन पार व्हायची.
एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात लागली.
तिथून पुढे तिचं पोहणं संपलं.

अवान पारशी कॉलनीतून वडलांच्या फियाटमधून यायची,
डब्यात उकडलेली अंडी, वहीत हातांचा हिशोब.
एका फेरीला एकवीस हात.
ताप असो, फायनल असो, एकवीस.
प्रत्येक शर्यतीआधी कपडे बदलायच्या खोलीमागे
ती ओकायची, चूळ भरायची, मग ठोकळ्यावर चढायची.
चौदा वर्षं.
हे पदकांच्या यादीत कुठे लिहितात?

आता खरं भांडण.
शंभर मीटर बटरफ्लाय.
मथुरा, एकाहत्तर साल: एक मिनिट, चौदा पूर्णांक तीन.
अवान, चौऱ्याऐंशी साल: एक मिनिट, चौदा पूर्णांक एक्कावन्न.
मथुराची वेळ हातातल्या घड्याळाची,
अवानची भिंतीवरच्या पाटीची,
जिला ना डोळे, ना अंगठा.
सामंत म्हणतो, हाताचं घड्याळ नेहमी उदार.

तेव्हा एका लेनला तिघे असायचो,
तीन घड्याळं, मधला आकडा खरा धरायचा.
त्या दिवशी एकानं दाखवलं चौदा दोन,
दुसऱ्यानं चौदा सात.
मधला आकडा माझा.

फेस उडाला होता.
हात भिंतीला लागला तो मी पाहिला
की लागणार हे पाहिलं,
बावन्न वर्षं मला ठरवता आलेलं नाही.
ती जिंकावी असं मला वाटत होतं, एवढं नक्की.
आणि अंगठा काही माझ्यापेक्षा शहाणा नव्हता.

गेल्या डिसेंबरात अवान आली होती,
केस पांढरे, चालताना गुडघा जपत.
कबूल करून टाकावं म्हणून मी तिला
पंपाच्या खोलीकडे बाजूला घेतलं.
मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली,
काका, तुमचा तो चौदा तीन,
मी नऊ वर्षांची असताना आरशावर चिकटवला होता.
रोज दात घासताना दिसायचा.
मोडता नाही आला.
पण तो नसता, तर मी दहावीनंतर सोडलंच असतं.

पंप घरघरत होता.
मी म्हटलं, गुडघ्याला शेक दे.

ती पुढे निघून गेली,
उथळ बाजूला मथुरा पाण्यात पाय सोडून बसली होती तिकडे.
दोघी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत राहिल्या,
हसल्या, एकदाही पाण्याचं नाव निघालं नाही.

अरे, तू तर तिथे होतास, सामंत दर रविवारी टोकतो,
तू सांग, कोण किती पाण्यात?

उजवा अंगठा आता थंडीत आखडतो.
बाम लावतो, ग्लास डाव्या हातात धरतो.
मीटरचा आकडा मी कधी वाढवून लिहिला नाही,
एकदाही नाही.
बेहराम, साखर कमी आहे रे, मी म्हणतो.