चौदा इंच

एस्पान्योलात माझं गॅरेज.
फर्मीनची शेवरोले मीच खाली बसवली,
स्प्रिंगा कापून, इतकी
की सिगारेटचं थोटूकही तिला अडतं.
रविवारी तो ताशी दहा मैलांनी गावातून निघतो,
वरातीतल्या नवऱ्यासारखा.

धाकट्या एलीसेओची फोर्ड मीच उचलली.
चढायला पायरी, उतरायला उडी.
वाळू, बर्फ, डोंगरातलं सरपण, तिला सगळं चालतं;
गवताच्या पेंढ्या चढवताना कंबर जाते
ती एलीसेओची.

दोघं एकमेकांच्या गाडीला हसायचे.
उधारी मात्र दोघांचीही माझ्याकडे.

बाप गेला, सेलेदोनिओ,
तेव्हा पेटी फर्मीनच्या हौद्यात अलगद सरकली,
कुणाला वाकावं लागलं नाही की उचलावं.
चर्चपर्यंत माणसं टोप्या काढून उभी.
पण दफनभूमीची वाट कोरड्या ओढ्यातून.
पहिल्याच दगडावर गाडीच्या पोटातून ठिणग्या.

एलीसेओनं एक शब्द न बोलता
आपली गाडी उलटी आणली, पाठीला पाठ.

हौद्याला हौदा जुळेना.
सवयीनं मी टेप काढला.
चौदा इंच.
माझ्याच हातचे.

सहाजणांनी श्वास धरला,
आणि म्हातारा
तेवढाच वर गेला.