नातेवाइकाची सही

धंतोलीतल्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरचा इतका आवाज
की डॉक्टर मोठ्याने सांगत होते, आणि मलाच सांगत होते:
घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली.
उद्याची पहिली केस.
कागद माझ्याकडे आला. पेनही.

पाय खाटेवर होता.
पायाला लागून आई होती.

मी सही करणारच होतो.
बाबांच्या वेळीही मीच केली होती,
चार कागदांवर, उभ्या उभ्या.
बाबा तेव्हा शुद्धीत होते, संत्रं सोलत होते.
विचारायचं राहून गेलं असं नाही,
सुचलंच नाही.

"काय लिहलं हाय त्यात?"
काही नाही गं, नेहमीचंच.
"नेहमीचं कसं? पाय का रोज कापतेत?"

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.
तिने चष्मा मागितला.
तांडापेठेत अडतीस वर्षं मागावर बसलेली बाई,
किनारीतला चुकलेला धागा दुरून दाखवणारी,
ओळ ओळ वाचत गेली, आणि एका ओळीवर अडली:
रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगितले आहे.
"हे कवा झालं?"

कूलर तेवढा बोलत राहिला.

मग डॉक्टरांनी स्टूल ओढलं. बसले.
तिने विचारलं, नाही कापला तर किती दिवस,
दुखन किती,
रात्री मोरीत न्यायला कोन उठन,
आणि कापलेला पाय तुमी नेता कुठं.
या शेवटच्याचं उत्तर त्यांना
लगेच देता आलं नाही.

"दोन रात्री द्या."
उशीर होईल आजी, विष चढेल.
"चढन. समजलं मले. समजूनच मागून रायली."

मला तिचा राग आला.
प्रेमापोटीच आला, खरं सांगतो,
आणि त्या रागाला वाटत होतं
की पाय माझाच आहे.

त्या रात्री पांघरुणाखाली तिचा गुडघा हलत होता,
दाब, सोड, दाब, सोड,
पावडीवर असावा तसा.
मी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी नर्सने सवयीने शाईचा डबा पुढे केला.
आईने तो सारला, पेन घेतलं.
संमती आहे, संमती नाही,
यातलं एक आडवी रेघ मारून खोडलं,
आणि सावकाश लिहिलं: गिरजा हरबा पराते.
खाली नातेवाइकाची रेघ उरली होती.
"तू कर आता. साक्षीदार म्हनून."
मी आधी वाचलं.

काय खोडलं, ते लोक अजून विचारतात.
इथे लिहायचं तर
तिला विचारावं लागेल.